आडवी फांदी

ती फांदी मी उचलली होती, रैनूभाऊंनी नाही. एवढं एक वाक्य कागदावर यायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत, तीच फांदी उचलल्याचा ठपका ठेवून रैनूभाऊंचं काम गेलं. कामापेक्षा मोठं असं जे त्यांच्याकडे होतं, तेही गेलं. ते काय होतं हे सांगायचं तर आधी रैनूभाऊ सांगावे लागतील.

आमची संस्था लहान होती. आलापल्लीला दोन खोल्यांचं कार्यालय, एक फोर-बाय-फोर जीप, आणि डांबर संपल्यावर आत जे पाडे लागतात तिथे लसी आणि औषधं पोचवण्याचं काम. मी त्या पथकाचा समन्वयक होतो. शोभा सिस्टर लस टोचायच्या. रैनूभाऊ गाडी चालवायचे आणि सिस्टरांचं बोलणं माडिया भाषेत सांगायचे. 'ताप येईल, घाबरू नका, गोळी अर्धी द्या' हे त्यांना पाठ होतं, पण सिस्टर बोलायच्या आधी ते कधी बोलले नाहीत. सिस्टरांनी सांगितलं की मग हे सांगायचे, तेवढंच, त्याच क्रमाने. एखादी बाई उलट काही विचारायची, तर त्याचं उत्तर माहीत असूनही सिस्टरांकडे वळून म्हणायचे, "विचारून राह्यली, आंघोळ घालाची का नाई."

पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद पावलांचा माणूस. तरुणपणी आलापल्लीच्या डेपोतून सागवान वाहणाऱ्या ट्रकवर ते क्लीनर म्हणून चढले आणि ड्रायव्हर होऊन उतरले. गाडी अनवाणी चालवत. चपला सीटखाली जोडीने ठेवलेल्या असत. "चपलेनं कळत नाई," म्हणायचे. काय कळत नाही, असं मी एकदा विचारलं, तर "गाडी" एवढंच उत्तर मिळालं. हॉर्न ते फक्त गावात शिरताना वाजवत. जंगलात वाजवत नसत. किलोमीटर हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. तोडेमेटा किती दूर, असं विचारलं की "तीन नाले, एक लो गिअर" असं सांगत. पावसाळ्यात तोच रस्ता "पाच नाले, तीन लो गिअर" व्हायचा. आधी मला हे विनोदी वाटे. पुढे लक्षात आलं की या भागात अंतर खरोखरच ऋतूप्रमाणे बदलतं आणि त्यांचं माप माझ्या मापापेक्षा खरं आहे. लक्षात आलं, पण उपयोग केला नाही.

टॅब्लेट आला तो माझ्या हट्टाने. पथक रोज कुठून कुठे गेलं याची नोंद वरच्यांना हवी होती, आणि मलाही नकाशांची आवड होती. दहा इंचांचा टॅब्लेट, जाड रबरी कवच, डॅशबोर्डवर स्क्रूने बसवलेला स्टँड. नकाशे आधीच उतरवून ठेवलेले, म्हणजे नेटवर्क नसलं तरी अडायचं नाही. गाडी जाईल तिथे मागे लाल रेघ उमटायची आणि आपण जिथे असू तिथे निळा बाण. मी तो बसवला त्या सकाळी रैनूभाऊ बराच वेळ हाताची घडी घालून पाहत उभे होते.

"पाटी आहे," ते म्हणाले.

तेव्हापासून तिचं नाव पाटी पडलं. सिस्टरही पाटीच म्हणू लागल्या.

"टावर नाई तं हिले कसं कळते आपन कुठी आहो म्हून?" त्यांनी विचारलं.

मी उपग्रहांबद्दल सांगितलं. आकाशात फिरतात, तिथून खूण येते, तीन-चार खुणांवरून हिला जागा कळते. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे वरून पाहते."

"वरूनच म्हणा."

"वरून रेतीच्या खालचं दिसते का?"

सिस्टर हसल्या. मीही हसलो. रैनूभाऊ हसले नव्हते. ते माहिती विचारत होते. नाही दिसत, एवढं उत्तर मी द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "भाऊ, रेती पाहाले तुमी आहा ना."

"आहो," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

प्रत्येक नाल्याशी ते गाडी थांबवत, उतरत, विजारीच्या घड्या गुडघ्यावर घेत आणि पाण्यातून पलीकडे चालत जात. चालताना एक पाय टाकला की क्षणभर थांबत, मग दुसरा. पलीकडे पोचल्यावर वळत आणि दुसऱ्या रेघेने परत येत. दोन्ही चाकांची वाट ते अशी पायाने पाहून घेत. महिन्यात चार वेळा ओलांडलेला नाला असला तरी. पहिल्या वर्षी मी घड्याळ पाहायचो. एका नाल्याला सात-आठ मिनिटं.

पाटीशी त्यांचं वैर नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ही गोष्ट ऐकणारे पुष्कळ जण तसं धरून चालतात. उलट त्यांना ती आवडायची. मे महिन्यात ती तापून बंद पडायची, तेव्हा स्वतःचा दुपट्टा कॅनच्या पाण्यात भिजवून पिळून ते तिच्या पाठीमागे लावत. "पाटीले ऊन लागलं," म्हणत. नकाशावर खुणा टाकायच्या असत. नाला कुठे, वळण कुठे, गाडी कुठपर्यंत जाते. प्रत्येक खुणेला नाव द्यावं लागे. मी थांबायला सांगायचो आणि विचारायचो, "भाऊ, या जागेले काय म्हनतेत?" ते जे सांगत ते मी टाइप करायचो. अशा रीतीने आमच्या नकाशावर 'दोन बहिणी' आली, ते मोहाचे दोन जुळे वृक्ष होते. 'मास्तर पडला' आलं. तिथे आश्रमशाळेचे एक मास्तर सायकलवरून अस्वलाला घाबरून पडले होते, त्याला तीस वर्षं झाली. 'म्हातारी पाणी देते' आलं. त्या जागी खरोखरच एक म्हातारी झोपडीतून गडू घेऊन बाहेर यायची.

पुढे कार्यालयात मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या संस्थाप्रमुखांनी, ही नावं पडद्यावर पाहिली. बाहेरचे पाहुणे आले होते, त्यांना हसू आवरेना. सर मला म्हणाले, जरा नीट नावं द्या, क्रमांक द्या. मी संध्याकाळी बसून क्रमांक दिले. रैनूभाऊ आश्रमशाळेत चौथीपर्यंत गेले होते, अक्षर लावून वाचत. दुसऱ्या दिवशी झोपडीजवळ पाटीवर सतरा असा आकडा आला, तेव्हा त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"म्हातारी कुठी गेली?"

"सरांनी नंबर टाकाले सांगितले, भाऊ."

म्हातारी गडू घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी पाणी घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सतरा नंबरनं पानी देल्लं." त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळी नावं परत घातली. क्रमांक नावाच्या पुढे ठेवला, म्हणजे दोघांचंही राहिलं.

त्यांची आणखी एक सवय मला बरेच दिवस उलगडली नव्हती. वाटेत कोणी भेटलं, तेंदूपत्ता नेणारी बाई, बैलांमागे चालणारा म्हातारा, की ते गाडी थांबवून जोहार करत आणि रस्ता विचारत. तोडेमेट्याचा रस्ता कोणता? ज्या रस्त्याने ते वीस वर्षं जात होते तो. समोरचा हात करून दाखवायचा, दोन-चार वाक्यं व्हायची, गाडी पुढे निघायची. एकदा उशीर झाला होता, मी वैतागून म्हणालो, "भाऊ, रस्ता तुमाले मालूम आहे, पाटीले मालूम आहे. मंग विचारून काऊन राह्यले?"

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "पन त्याइले विचारलं म्हंजे त्याइले मालूम होते, आपन जाऊन राह्यलो म्हून. आन् काई झालं असन समोर, तं ते सांगते."

मग काही वेळाने, जणू राहिलेलं पुरं करावं म्हणून, "पाटीवर उभ्या माणसाचा ठिपका नाई येत."

पंचवीस वर्षांत ते एकदाही रस्ता चुकले नव्हते. हे ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. हेमलकशापासून आत कुठल्याही गावात विचारा, लोक सांगायचे. लग्नाची वरात न्यायची असली, आजाऱ्याला बाहेर काढायचं असलं, दुसऱ्या कोणाची गाडी असली तरी लोक म्हणत, रैनूभाऊला पुढे बसवा. कामापेक्षा मोठं असं त्यांच्याकडे जे होतं, ते हे होतं.

आता ऑगस्टमधला तो दिवस.

तोडेमेट्याला लसीकरण होतं. आजूबाजूच्या चार पाड्यांच्या आया मुलांना घेऊन गोटुलात, गावाच्या सामायिक घरात, येणार होत्या. लसीच्या पेटीतला बर्फ दुपारपर्यंत टिकेल असा हिशेब होता आणि आम्ही निघालो उशिरा, कारण सकाळी मीच एक फोन संपवत बसलो होतो. कार्यालयातून निघताना मी पाटीवर जवळचा मार्ग लावला. एप्रिलमध्ये आम्ही त्याच मार्गाने गेलो होतो आणि लाल रेघ स्पष्ट होती. दोन बहिणींच्या पुढे फाटा लागतो. डावीकडून गेलं तर एक नाला आणि लगेच गाव. उजवीकडून लांबचा वळसा.

फाट्यावर रैनूभाऊंनी गाडी थांबवली. डाव्या वाटेवर धावड्याची एक फांदी आडवी ठेवलेली होती. पानं अजून हिरवी होती. तुटक्या टोकावर एक दगड ठेवलेला होता.

आमच्या भागात बंदूकवाल्यांनी झाड तोडून रस्ता अडवणं वेगळं आणि ही फांदी वेगळी. तो फरक इथे जन्मलेल्या कोणालाही समजावून द्यावा लागत नाही. पहिलं पाहून माणूस गाडी वळवतो आणि घरी जातो. दुसरी ही शेजाऱ्याने केलेली खूण असते. पुढे काहीतरी बिघडलंय, इकडून येऊ नका. ती ज्या गावाने ठेवली त्याच गावाने उचलायची असते.

"रस्ता बंद आहे," रैनूभाऊ म्हणाले आणि त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे घ्यायला सुरुवात केली.

"थांबा," मी म्हणालो. "इकडून चार किलोमीटर आहे. तिकडून एकोणीस. बर्फ राहणार नाई."

"फांदी आहे, साहेब."

"वाऱ्यानं पडली असन."

"वाऱ्यानं पडली तं दगड कोनं ठेवला?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पाटीवर बोट ठेवून म्हणालो की हा रस्ता आपणच काढलेला आहे, तुम्हीच चालवलेली गाडी आहे, एप्रिलमध्ये काही झालं नाही. रैनूभाऊ म्हणाले, "एप्रिल पाटीत आहे. इथी तं ऑगस्ट आहे." मागच्या सीटवर सिस्टर लसीची पेटी धरून बसल्या होत्या. दहा-अकरा मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. मग मी दार उघडलं, उतरलो, दगड पायाने ढकलला, फांदी उचलली आणि झुडपात फेकली. परत येऊन बसलो. "चला," म्हणालो. "जबाबदारी माझी."

हे शेवटचे दोन शब्द मी खरोखर उच्चारले होते.

नाल्याशी त्यांनी सवयीप्रमाणे गाडी थांबवली आणि दाराकडे हात नेला. मी म्हणालो, "भाऊ, उतरू नका आता. गुडघाभर तं पानी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काय म्हणतोय ते नीट ऐकू आलं की नाही, हे पाहिल्यासारखं. मग हात परत गिअरवर आणला.

पाणी गुडघाभरच होतं. पण आधीच्या आठवड्याच्या पुराने खालची रेती धुऊन नेली होती आणि वर नुसता पातळ थर राहिला होता. पुढची दोन्ही चाकं एकदम बसली. गाडी नाकावर वाकली, बोनेटवरून पाणी आलं, इंजिन खोकून बंद झालं. लसीची पेटी मागून घसरून उघडी पडली. आम्ही तिघंही दारातून बाहेर निघालो, कोणाला खरचटलंही नाही. रैनूभाऊंनी आधी सिस्टरांना काठावर नेलं, मग मला, मग परत जाऊन पाटी स्टँडवरून सोडवून आणली. कोरडी होती. रबरी कवच चांगलं होतं. तिच्यावर निळा बाण लाल रेघेच्या बरोबर मध्ये उभा होता.

गावातले लोक आवाज ऐकून आले. त्यांनी नाला आदल्याच दिवशी पाहिला होता आणि फांदी ठेवली होती. गोटुलात सकाळपासून बसलेल्या आया संध्याकाळी मुलांना घेऊन परत गेल्या. लस वाया गेली होती. गाडी ट्रॅक्टरने ओढून काढायला तीन दिवस लागले, आणि इंजिन कामातून गेलं ते गेलंच.

आता दुसरी चूक, जिच्यापुढे पहिली काहीच नाही.

मोठ्या सरांनी लेखी अहवाल मागितला. मी कार्यालयात एकटा बसलो. पाटी समोर होती. तिच्यात त्या सकाळी मी माझ्या नावाने लावलेला मार्ग होता, आणि त्या दिवसाची रेघ, फाट्यावर अकरा मिनिटं थांबलेली. मी दोन्ही निवडली. हे कायमचं काढून टाकायचं का, असं पाटीने विचारलं. मी होय म्हटलं. मग अहवालात लिहिलं की नियोजित मार्ग लांबचा, सुरक्षित होता. आणि त्याखाली लिहिलं, "मार्ग बंद असल्याची स्थानिक खूण स्पष्ट दिसत असतानाही चालकाने ती दूर करून वाहन नाल्यात घातले."

फांदीचा अर्थ मला रैनूभाऊंनीच शिकवला होता. तोच मी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला.

माझं बालपण गडचांदूरला, सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत गेलं. दर रविवारी आई आम्हाला विहारात न्यायची. पाच शीलं आम्ही ओळीने म्हणायचो आणि चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, हे मला अक्षर वाचता येण्याआधीपासून पाठ होतं. अहवालावर सही करताना ते आठवलं नाही असं नाही. आठवलं. सही केली. समन्वयकाची जागा जाईल, धाकट्या मुलीचं कॉलेज, चंद्रपूरचं घर, असं सगळं त्याच वेळी आठवत होतं. सिस्टर एकदाच दारात येऊन म्हणाल्या, "सर, फांदी तर..." मी मान वर करून पाहिलं. त्यांचा करार वाढवण्याचा कागद माझ्याच टेबलावर होता. त्या परत गेल्या. वर्षभराने काम सोडून सिरोंच्याकडे माहेरी गेल्या.

रैनूभाऊंना बोलावलं तेव्हा मी सरांच्या शेजारी बसलो होतो. सरांनी अहवाल वाचून दाखवला. "तुमचं काही म्हणणं आहे?" असं विचारलं. रैनूभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेबानं लिहिलं ना." आणि तोवर आलेल्या नव्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

बाहेर जाऊन त्यांनी नव्या गाडीच्या सीटखालून चपला काढल्या आणि घातल्या.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत गेलो. ते आपल्या पाड्यावर परतले, शेती करू लागले. बातमी सगळीकडे गेली, कारण अहवालातलं वाक्य कोणीतरी कोणाला सांगितलं आणि ते रस्त्यारस्त्याने आत पोचलं. रस्ता चुकला असता तर लोकांनी एखादे वेळी सोडून दिलं असतं. पण गावाने ठेवलेली फांदी त्यांनी उचलली, हे तोडेमेट्याने मनात धरलं. वरातीत पुढे बसायला त्यांना कोणी बोलवेना.

चार वर्षं गेली. नवी गाडी, नवा ड्रायव्हर, मोरेश्वर, कुरखेड्याकडचा तरतरीत माणूस. टॅब्लेटही नवा, पण जुन्या सगळ्या खुणा त्यात आपोआप आल्या होत्या. गेल्या फेब्रुवारीत आम्ही तोडेमेट्याच्या वाटेवर होतो. फाटा जवळ आला आणि पडद्यावर एक खूण उघडली. मीच कधीतरी टाइप केलेली, त्यांच्या शब्दांत, 'इथी उतरून विचार'.

मोरेश्वरने वाचलं आणि हसला. "हे कोनं लिहून ठेवलं, सर?"

"रैनूभाऊनं."

"कोन, तो फांदीवाला?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने फक्त ते नाव सांगितलं, जसं आपण एखाद्या दुकानाचं नाव सांगतो. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली. उतरलो. डावी वाट मोकळी होती. त्या दिवशी काम उरकलं, आलापल्लीला आलो आणि मोठ्या सरांना पत्र लिहिलं, झालं तसं सगळं. सर म्हणाले, "आता जुनं कशाला उकरता? तो माणूस तर काही बोलत नाही." मी म्हणालो, पत्र फाइलला लावा. त्यांनी लावलं. माझी जागा गेली. आता मी तिथेच भांडाराचं काम पाहतो. यात मोठेपणा नाही, चार वर्षं उशीर आहे.

मग रैनूभाऊंच्या पाड्यावर गेलो. ते अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. केस पांढरे झाले होते. त्यांच्या बाईंनी पाणी आणून दिलं, खाट टाकली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, पाटीतली रेघ पुसल्याचंसुद्धा. ते कामटी सोलत होते. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"हे मले काऊन सांगून राह्यले?" ते म्हणाले. "मले तं मालूम आहे."

त्यांनी हातातली कामटी बाजूला ठेवली.

"मी वाट पायली, साहेब. एक पावसाळा पायली. तुमी येऊन सांगान म्हून. मंग सोडून देल्ली."

"भाऊ, आता सांगतो. कोनाले सांगू ते सांगा."

"फांदी कोनाची होती?"

तोडेमेट्याला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गाडी भाड्याची होती, चालवणारा अनोळखी. रैनूभाऊ पुढे बसले. वाटेत एक बाई सरपणाचा भारा घेऊन उभी होती. त्यांनी गाडी थांबवायला लावली, जोहार केला आणि तोडेमेट्याचा रस्ता विचारला. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग हात करून दाखवला. नाल्याशी पाणी घोट्याएवढंही नव्हतं. तरी ते उतरले, चपला काठावर जोडीने ठेवल्या, आणि पाय टाकत, थांबत, पाय टाकत पलीकडे गेले आणि दुसऱ्या रेघेने परत आले. गाडीवाला माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "थांब. पाहू दे त्याइले."

गोटुलात गायता, म्हणजे गावचा पुजारी आणि वडीलधारा, आणि पंधरा-वीस माणसं जमली. बाया बाहेर सावलीत बसल्या. म्हातारा गायता मराठी बोलत नव्हता, बाकीच्यांनाही थोडीच येत होती. मला माडिया येत नाही. मी रैनूभाऊंकडे पाहिलं. त्यांना हे करायला लावणं बरोबर नाही, असं काहीतरी पुटपुटलो.

"बोला," ते म्हणाले. "मी सांगतो."

मी बोलू लागलो. मी एक वाक्य बोलायचो, थांबायचो, आणि ते सांगायचे. सिस्टरांचं सांगायचे तसंच, तेवढंच, त्याच क्रमाने. आवाज चढला नाही, उतरला नाही. मी म्हणालो, रैनूभाऊनं नाही म्हटलं होतं. त्यांनी ते सांगितलं, आणि त्या अनोळखी भाषेच्या मधोमध मला त्यांचंच नाव त्यांच्या तोंडून ऐकू आलं, एखाद्या तिसऱ्याच माणसाचं घ्यावं तसं. मी म्हणालो, फांदी मी उचलली, दगड मी ढकलला, त्यांना नाल्यात उतरू दिलं नाही ते मी, आणि कागदावर त्यांचं नाव लिहिलं तेही मी. त्यांनी सांगितलं.

गायत्याने एकच गोष्ट विचारली. रैनूभाऊ माझ्याकडे वळले.

"विचारून राह्यले, फांदी जड होती का?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "अंगठ्याएवढी होती. एका हातानं उचलली. चुकलं माझं. तुमचा गुन्हेगार आहे, आणि रैनूभाऊंचाही. मला माफ करा."

त्या सकाळी पहिल्यांदाच रैनूभाऊंना वेळ लागला. मग त्यांनी गायत्याकडे तोंड केलं आणि मी म्हणालो होतो तेवढंच, त्याच क्रमाने सांगितलं.